करंट बंत

पुण्याला भावजींना फोन मीच लावला. "अक्का गेली, या," एवढंच बोलता आलं. त्यांनी विचारलं, "कशानं?" म्हटलं, "करंटनं."  ते म्हणाले, "न्हाई. दुसरं कोणतरी असंल. माझी बायको करंटनं मरायची न्हाई." याला आता सहा आठवडे होऊन गेले...

अक्का माझी थोरली जाऊ. आम्हा दोघींचे नवरे पुण्याला बांधकामावर, आणि इकडं ठाणाकुशनूरच्या शिवारात शेत, म्हैस, लेकरं सांभाळायला आम्ही दोघी. घरातल्या विजेचा सगळा कारभार तिच्याकडं. तिचा भाऊ उदगीरला वायरमन. लहानपणी त्याच्यामागं हिंडून ती शिकलेली. फ्यूज तीच बदलायची. ओल्या हातानं कुणी बटन दाबलं की पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा. हीटरची पिन काढल्याशिवाय बादलीत बोट बुडवायचं नाही. घरोघर कपडे वाळायला तारा बांधलेल्या, आमच्याकडं मात्र सुताची दोरी. "तारेत करंट उतरला तर लुगड्यासंगं बाई बी वाळंल!" खुरपणीत आभाळ नुसतं गडगडलं तरी बायांना उठवून घराकडं न्यायची, चिंचेखाली थांबू म्हणणारीला दंडाला धरून ओढायची. एकदा शेजारच्या काकू वैतागल्या, "कामून एवढी भेतीस गं?" अक्का म्हणाली, "भेत न्हाई काकू. वळखते त्याला."

मी हुमनाबादकडची, कानडी घरातली. लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी धड येत नव्हती. अक्कानंच चुलीपुढं बसवून शिकवली, एकेक भांडं हातात देऊन. पण एक खोड गेली नाही. घाबरले की तोंडातून कानडीच येते. परसात साप निघाला तेव्हा "हावु! हावु!" करत मी अंगणभर पळाले होते. काठी घेऊन ती येईपर्यंत साप पसार. मग पोट धरधरून हसली, "अगं, मला कळंपतूर तो मराठी शिकून गेला की!"

वैशाखात त्या दिवशी दुपारी असं वारं सुटलं की गोठ्याचा पत्रा उचकटून गेला. पत्र्यानं वायर सोलली आणि ती म्हशीच्या पाठीला आता टेकते की मग टेकते अशी लोंबायला लागली. म्हैस दाव्याला हिसके देत होती. पावसाची सर येऊन गेल्यानं गोठ्यात चिखल. गावातली लाईट कधीच गेली होती, तरी अक्का वायरला हात लावेना. "लाईट कवाबी येती. तू आत जाऊन मेन बंद कर अन् आवाज दे, मगच धरते." मी पळाले. माजघरात पाऊल टाकलं आणि डोक्यावरचा बल्ब लागला.  जिवाच्या आकांतानं ओरडले, "करंट बंत, अक्का! करंट बंत!"

कानडीत 'बंत' म्हणजे आलं. करंट आलाय, हात लावू नको, असं मला म्हणायचं होतं. पत्र्यांच्या खडखडाटात तिला ऐकू गेलं, 'बंद'. एव्हाना तिला कानडी कळत नव्हती असं नाही. पण ती माझी मराठी ऐकायला उभी होती, तिनंच शिकवलेली. परसातून तिचा आवाज आला, "बरं!"

मेन पाडून मी बाहेर धावले. म्हैस कोपऱ्यात थरथरत उभी होती. अक्का चिखलात पडली होती, वायर मुठीत.

मातीला आलेल्या बाया कुजबुजत होत्या, "लोकाला शिकवायची, अन् सोता?" तिसऱ्या दिवशी भावजीसुद्धा कपाळावर हात मारून म्हणाले, "येडीनं हात कामून लावला?" तिथं माझं तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. भ्याले मी. ज्या बाईनं उभ्या जन्मात ओल्या हातानं बटन दाबलं नाही, तिला सगळं गाव निष्काळजी म्हणत होतं आणि मी ऐकून घेत होते. आग लागो माझ्या जिभेला, नको तेव्हा सुटली आणि हवी तेव्हा चिकटून बसली.

मागच्या आठवड्यात भावजी परत पुण्याला निघाले, तेव्हा त्यांची वाट अडवून सगळं सांगितलं. ते खाली बसले. "म्हंजे... तिनं सांगितलं हुतं, आधी मेन बंद कर म्हणून?"

"व्हय. माझ्या आवाजाची वाट बघत उभी हुती."

"मंग ती चुकली न्हाई," ते म्हणाले आणि टॉवेल तोंडावर धरून लेकरासारखे रडले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हे लिहायलेय. अक्का चुकली नव्हती. ज्यांनी ज्यांनी तिला नावं ठेवली, त्यांनी ती मला ठेवावीत. आता आभाळ भरून आलं की मी माजघरात जाते, तोंड मिटून मेन पाडते आणि बाहेर येऊन, समोर उभी राहून सांगते. पण एक गोष्ट भावजींनाही सांगायचा धीर झाला नाही. बल्ब लागला तेव्हा मेन माझ्यापासून हातभर लांब होता. मी आधी ओरडले... हात नंतर उचलला.