दोन रेघांची फळी

शेजाऱ्यांनी काल दाराच्या लाकडाला जवसाचं बेलतेल पाजलं. तो जाड, किंचित खवट वास सकाळपासून जिना चढून माझ्या चहापर्यंत येऊन बसला आहे. एरवी मला हा वास आवडायचा. शाळेचे नवे बाक, सणाआधीची खिडकी असं काहीबाही त्यात असे. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्यात एक फळी आहे, आणि फळीशेजारी डोळे पुसत उभा असलेला एक मूर्ख. मूर्खाची ओळख तुम्हाला लवकरच पटेल.

खामगावहून जलंबला जाणारी आमची चिमुकली गाडी. बसल्यावर सोडलेली शेंगांची पुडी संपायच्या आत प्रवास संपतो. या फाट्याच्या जुन्या वस्तू जपायला काही हौशी मंडळींनी एक छोटं संग्रहालय उभारलं आहे. कंदील, घंटा, गार्डाची पेटी, आणि सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे खिळखिळी झालेली एक लाकडी सिग्नल केबिन, जागची उचलून इथे पुन्हा उभी केलेली. माझ्या बालमित्राचे वडील याच केबिनीत सांधेवाले होते. आत लोखंडी दांड्यांची रांग असे; दांडा ओढला की लांबवरचा सिग्नल पडायचा. उघड्या हातानं दांडा धरायचा नाही, घामानं लोखंड गंजतं, असा त्यांचा नेम. खांद्यावरचा दुपट्टा दांड्याला गुंडाळायचा आणि मगच ओढायचं. एकदा त्यांनी तो दुपट्टा माझ्या हाती दिला होता. माझ्या लहानपणात मिरवण्यासारखं फार काही नाही; जे आहे ते एवढंच, आणि ते मी आयुष्यभर विज्ञानाच्या तासाला तरफ शिकवताना मिरवलं.

तर एका रविवारी केबिनीच्या डागडुजीचं श्रमदान निघालं; जुन्या लाकडाला घासून बेलतेल पाजायचं होतं. मित्र चिखलीहून आदल्या दिवशीच येऊन कामाला लागला होता. मी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून पोचलो आणि पहिल्याच पाच मिनिटांत लाल रंग दिलेल्या ओल्या बाकावर विसावलो. उठलो तेव्हा पाठीमागे तीन पट्टे होते. दिवसभर ते घेऊन हिंडलो आणि मंडळी आदरानं हसताहेत असं समजत राहिलो.

मित्रानं मला केबिनीच्या आतल्या कोपऱ्यात नेलं. तिथल्या एका करड्या, न रंगवलेल्या फळीवर पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा होत्या.

"पाय बे," तो रेघांकडे बोट करून म्हणाला, "आपल्या दोघायची उंची. माया बानं काढली होती. आठवते का तुले?"

मी हो म्हणालो. तो हो आठवणीच्या आधी तोंडातून निघाला, पण आठवण मागोमाग धावत आलीच. डोक्यावर आडवी ठेवलेली पट्टी आली, टाचा टेकव म्हणून दटावणारा आवाज आला, पेन्सिलीचा वाससुद्धा आला. दोन रेघांत माझी वरची होती. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत मी कायम सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत बुटका; हे तेव्हा आठवायला काय हरकत होती? पण बुटक्या माणसाला कुणी उंच म्हटलं की तो पुरावा मागत नाही.

मग मी त्या फळीचा पहारेकरीच झालो. पॉलिशपेपर घेऊन येणाऱ्यांना हाकललं. दुपारी भाकर, ठेचा आणि वांग्याच्या भाजीवर सगळे बसले तेव्हा उभं राहून भाषण ठोकलं, आणि दुपट्ट्यापाशी येताच डोळे पुसले. दोघंतिघंही डोळे पुसू लागले. फळीखाली लावायचा मजकूर मी तिथंच, माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिला. मित्र खाली मान घालून भाकर कुस्करत होता. मला वाटलं, गहिवरलाय.

ऊन कलल्यावर सुतारमिस्त्री अवजारं गोळा करत माझ्याजवळ आला. अवघडल्यासारखा पटाशी पुसत राहिला. "सर, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "जुनी फळी सडली होती. हे तं म्याच बसवली आताच्या दिवाईच्या मागं. कापसाच्या जिनिंगातून आणली होती."

मला एकदम पाठीमागचे तीन पट्टे जाणवले.

मित्र बाहेर हौदावर हात धुत होता. मी विचारल्यावर त्यानं नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. हात मात्र धुतच राहिला.

"केबिनीत बाचं काईच नोयतं बे. टेसनमास्तरायचे फोटो हायेत, सह्या हायेत. माया बाचं काय हाये?"

"मंग त्यात मले काऊन घातलं?"

"एकट्या माया सांगन्यावर कोन इस्वास ठेवला असता? तू सर हायेस." हात झटकत तो म्हणाला, "आन् तू तं हो म्हनला."

त्यानं रेघा मारल्या त्या बापासाठी, हे मला कळतं. रात्रंदिवस दांडे ओढणाऱ्या माणसाची एकही खूण उरू नये, हा काही लहान अन्याय नव्हे. पण त्या खुणेला साक्षीदार हवा म्हणून त्यानं माझं बालपण उचललं, आणि मी ते कौतुकानं धरून दिलं. त्यानं दोन रेघा काढल्या; पट्टी, आवाज आणि पेन्सिलीचा वास हा सगळा माल माझ्या घरचा.

फळी अजून तिथंच आहे. खाली माझ्या अक्षरातला मजकूर आहे. तो काढा, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्रीही बोललेला नाही. मित्राचा दसऱ्याला फोन आला, मी उचलला नाही.

त्या मजकुराचं मला फारसं काही वाटत नाही. बेलतेलाच्या वासानं आज सतावतो आहे तो दुपट्टा. जाडाभरडा, घामानं ओलसर, एका टोकाला गाठ मारलेला. तो खरंच माझ्या हाती दिला होता का? की तोही मी असाच, कुणीतरी विचारलं म्हणून, हो म्हणून टाकला? हे सांगू शकेल असा एकच माणूस आता उरला आहे, आणि तो चिखलीला राहतो. फोन करायला दोन मिनिटं लागतील.

पण मी विचारलं तर तो हो म्हणेल.