माझ्याच वर्गातली आत्या

कोळणीकडे पक्की पावती मागणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच झाली, आणि ती माझी आत्या. "गे बाय, बांगडे खायचेत की कोर्टात न्यायचेत?" असं कोळणीनं विचारलं की आत्या शांतपणे म्हणायची, "आधी पावती." ही सवय तिला कचेरीत लागली होती. एका वयस्कर करसल्लागारांकडे ती वर्षानुवर्षं काम करत होती. आजोबा अचानक गेले तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून तिनं ही नोकरी धरली आणि माझ्या बाबांना शिकवलं. हे मला आईनं सांगितलं. आत्या त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

मी बारावी झालो त्या वर्षी साहेब थकले. आत्याला म्हणाले, "बाई, आता कचेरी तुम्हीच चालवा. करसल्लागाराच्या सनदेसाठी अनुभवाचा दाखला मी देतो. पदवी नसली तरी चालेल." घरात पेढे आले. आत्यानं एक पेढा खाल्ला आणि जाहीर केलं, "मी बी. कॉम. करणार."

बाबा हबकले. "अगं, दाखला मिळतोय ना? साहेबांचं वय बघ."

"अनुभव पोटासाठी घेतला रे," आत्या म्हणाली. "शिकायचं राहूनच गेलं."

सकाळचं कॉलेज, दुपारी कचेरी. तिचा वर्ग नेमका माझाच. पाऊस नसतानाही छत्री घेऊन ती पहिल्या बाकावर बसायची. एकदा मी मागच्या दारानं सटकत होतो, तेवढ्यात ती कडाडली, "खाली बस!" मी बसलो, आणि शिकवणारे तरुण प्राध्यापकही बसले.

शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर साहेब गेले. आत्यानं न घेतलेला दाखलाही त्यांच्याबरोबर गेला. आता नापास झाली तर सनद नाही, कचेरीही नाही. बाबा चिडचिडले. आत्या साहेबांच्या घरी जाऊन आली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि पुस्तक उघडून बसली.

सेकंड क्लासात पास झाली. पुढे सनद मिळाली, कचेरीवर तिच्या नावाची पाटीही लागली. पण मला आठवतो तो निकालाचा दिवस. सगळे फाटकाशी थांबलेले आणि आत्या कुठे दिसेना. शोधत गेलो, तर रिकाम्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसलेली.

"आत्या, चल ना. बाबा खोळंबलेत."

"थांब रे जरा," ती बाकावरून हात फिरवत म्हणाली. "उद्यापासून मला इथं कोण बसू देणार?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.