गडावरची ओटी

श्रीमंतांच्या दफ्तरात कारकुनी करणाऱ्या माणसाने डोंगर चढू नये, असे माझे मत अर्धा गड चढल्यावर झाले. साठी उलटलेली आत्या मात्र पुढे होती.

"अरे, बसून बसून तुझी गादीच झाली की!" ती वरून म्हणाली. बायको खुदकन हसली. मला ते मुळीच आवडले नाही.

आई लवकर गेली, म्हणून आत्यानेच मला वाढवले. लहानपणी देवीच्या साथीत मी जाण्याच्या बेतात होतो, तेव्हा तिने या गडावरच्या अंबेला नवस केला होता: पोर वाचू दे, माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. मी वाचलो. पण गड चढण्याआधीच तिचे यजमान वारले, आणि विधवेने ओटी भरायची नसते. पुढे तीस वर्षे मला साधी शिंक आली तरी ती देवीची माफी मागे. शेवटी तोडगा मीच काढला: ओटी बायकोने भरायची, आत्याने नुसते हात जोडायचे. या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

वर यादवांच्या वेळच्या गडाची हाडेच उरली होती. तटावर निवडुंग माजले होते. सदरेच्या जोत्यावर शेळ्या बसल्या होत्या, आमच्या दफ्तरातल्या वडीलधाऱ्यांपेक्षा ताठ. देवळाला छप्पर नव्हते, आणि गुरव कधीच खालच्या गावात राहायला गेला होता.

बायकोने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड काढले. आत्या आलवणाचा पदर सावरून लांब सरकली.

"उरक बाई. माझी सावली नको पडायला."

बायको थबकली. मग तिने सगळे उचलून आत्याच्या ओंजळीत ठेवले. "नवस तुमचा, आत्याबाई. तुम्हीच भरा."

"वेड लागलं का? कुणी पाहिलं तर?"

"इथं शेळ्यांखेरीज आहे कोण? त्या काही पेठेत सांगत यायच्या नाहीत."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. शास्त्र माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण आत्याने दोन्ही हातांनी ती ओटी घट्ट धरली होती. त्याच हातांनी तिने मला घास भरवले होते. मला माझ्या तोडग्याची लाज वाटली.

"मी जरा बुरूज बघून येतो," मी म्हणालो.

बुरुजात बघण्यासारखे काही नव्हते. तरी मी तो बराच वेळ बघितला. परत आलो तेव्हा देवीपुढे खण होता आणि आत्याच्या बोटांना हळद लागलेली होती. ती पुसायचे तिच्या मनात दिसत नव्हते.

उतरताना मला सणसणीत शिंक आली. आत्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.