मेलेल्या कुंड्या दाखवा

नर्सरीवाल्याला सगळी गल्ली ‘नकारघंटा’ म्हणायची आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. इतर दुकानदार गिऱ्हाईक येण्याची वाट बघतात. हा गृहस्थ गेली एकतीस वर्षं गिऱ्हाईक जाण्याची वाट बघत होता. फाटकातून कुणी आत आलं की तो आधी त्याचे बूट बघायचा, मग नखं, आणि तोंडाकडे न बघताच सांगून टाकायचा, “नाही जगायचं तुमच्याकडे.”

त्यातही सदाहरित मॅग्नोलिया मागणाऱ्यांवर त्याची विशेष खप्पामर्जी. ही चाफ्याच्याच कुळातली, पण श्रीमंताघरी पडलेली बहीण. जाड चकचकीत पानं, ताटलीएवढं पांढरं फूल, लिंबासारखा वास. कुठल्याशा गुळगुळीत मासिकात फोटो बघून लोक यायचे आणि पहिलाच प्रश्न ठरलेला असायचा.

“सदाहरित ना? म्हणजे पानं गळणार नाहीत ना?”

“तुमचे केस गळतात?”

“अं? हो, थोडेफार...”

“तरी डोकं आहेच ना जागेवर? निदान बाहेरून?”

मग तो समजावायचा. समजावणं म्हणजे अपमानच, फक्त जरा लांब. सदाहरित झाड बारा महिने थोडी थोडी पानं टाकतं. एकदाच काय ती टाकून मोकळं होण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात नसतो. बीचं रोप पंधरा-पंधरा वर्षं फुलाचं नाव काढत नाही, तेव्हा कलम घ्यावं. गच्ची असेल तर बुटकी जात घ्यावी आणि ती भिंतीकडेला ठेवावी. छताच्या मधोमध ठेवली तर एक दिवस खालच्या मजल्यावरच्यांना फुलं मिळतील, झाडासकट. एका दंतवैद्य बाईंनी पानामागची तपकिरी लव गंज समजून साबण लावून ब्रशने घासून काढली होती. त्या रडत आल्या तेव्हा तो म्हणाला, “बरं झालं, भूल देऊन उपटली नाहीत.”

तर अशा या माणसावर या वर्षी वेळ आली. जागेच्या मालकाने तिथे इमारत उठवायची ठरवली आणि महिनाअखेर जागा मोकळी करा म्हणून निरोप आला. लहान रोपं विकली जाणार होती, त्यांची चिंता नव्हती. चिंता थोरलीची होती.

थोरली म्हणजे बुटक्या जातीची मॅग्नोलिया, एकोणीस वर्षांची, मधोमध कापलेल्या लाकडी पिंपात वाढलेली. अलीकडे विकलेलं मॅग्नोलियाचं प्रत्येक कलम तिच्याच फांदीचं. आता ती त्याच्यापेक्षा हातभर उंच होती आणि तीन वर्षं तिला एकही फूल आलं नव्हतं. “हवा बिघडलीय,” तो म्हणायचा. हवा कुणी बिघडवली ते विचारलं की समोरच्याकडे बघायचा.

घरी न्यावी तर घर दोन खोल्यांचं, खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. त्या खिडकीत प्लॅस्टिकची वेलसुद्धा कोमेजल्यासारखी दिसायची. म्हणजे महिन्याभरात थोरलीसाठी घर शोधायचं, नाहीतर यंत्र येऊन तिला मातीसकट उचलून नेणार.

घर शोधण्याची त्याची एक रीत होती. मागणारा कितीही मोठा असो, हा त्याच्या घरी जायचा, बाग बघायचाच नाही, आणि म्हणायचा, “मेलेल्या कुंड्या दाखवा.”

“आमच्याकडे काही मेलंच नाही,” पहिल्या बंगल्यातले गृहस्थ छाती फुगवून म्हणाले. नकारघंटा सरळ गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे वाकला. सात कुंड्या. सातांत सात काड्या, ताठ, सलामी दिल्यासारख्या.

“हे काय, झोपलेत?”

“ते... माळ्याने...”

“हो हो. माळ्यानेच. तुम्ही तर त्यांना ओळखतही नाही.”

दुसऱ्या घरच्या बाईंनी मेलेली रोपं त्याच्यापुढे केली खरी, पण एकेकावर हिरवा रंग फवारलेला होता. तिसऱ्या घरचा इंटीरिअरवाला म्हणाला, “मला हिच्यासारखीच दुसरी पण हवी, दाराच्या दोन्ही बाजूंना, अगदी सेम.” नकारघंटेने त्याला आरसा घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी तो पाय चोळत बसला की गल्ल्यावर बसणारी त्याची बायको तोंडसुख घ्यायची.

“अहो, जावई पसंत केलात तेव्हा चहा थंड व्हायच्या आत हो म्हणालात. आणि झाडासाठी पाण्याच्या टाक्यांमागे वाकताय!”

“जावयाला पाय आहेत. नाही पटलं तर उठून जाईल. ही कुठे जाणार?”

बायकोने गल्ला बंद केला आणि पायांना लावायला तेलाची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

महिन्याचे नऊ दिवस उरले असताना फाटकातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लटकवलेला. इस्पितळात मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कारकून. त्या आत येऊन नकारघंटेचेच बूट बघू लागल्या. हे त्याला मुळीच आवडलं नाही.

“झाड द्यायचंय म्हणे तुम्हाला.”

“तुमच्या हातून किती मेली आजवर?”

“बारा.”

“अबब! आणि वर तेरावं मागताय?”

“मागत नाहीये. बघायला आलेय. तुम्ही देणाऱ्यांतले नाही असं ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी गेला, चार मजले चढून. जिने बांधणाऱ्यांना गुडघे नसतात हे त्याचं जुनं मत वाटेत पक्कं झालं. वर गच्चीत भिंतीकडेला बारा रिकाम्या कुंड्या, धुऊन पुसून, ओळीने. प्रत्येकीला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर बाईंचं टपोरं अक्षर.

‘लिंबू. पाणी जास्त. दोष : माझा.’ ‘जाई. पाणी कमी, मी गावाला. दोष : माझा.’ ‘तुळतुळीत पानांचं, नाव माहीत नाही. नाव न विचारता आणलं. दोष : माझा.’

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नकारघंटेला कुणाविषयी चांगलं बोलावंसं वाटलं. तोंडाला सवय नव्हती, म्हणून तो नुसताच खाकरला आणि पुढे सरकला. सातव्या कुंडीपाशी थांबला.

‘गुलाब. मुळं कुंडीतच गुंडाळलेली. दोष : नर्सरीवाला.’

“कोण गाढव हा?”

“पुठ्ठा उलटवा.”

पुठ्ठ्याच्या मागे नर्सरीची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर ‘गुलाब, पिवळा’ एवढंच. पण ‘पि’ची वेलांटी अशी वेलासारखी लांबवणारा माणूस सगळ्या शहरात एकच होता, आणि तो इथे उभा होता.

“शक्यच नाही,” तो ओरडला. “माझ्याकडचं रोप? तुम्ही ऊन दिलं नसणार. तुमच्यासारखी माणसं...”

बाईंनी वाद घातला नाही. त्या आत गेल्या आणि खोक्यातून एक वाळलेली वस्तू घेऊन आल्या. मुळांचं वेटोळं, कुंडीच्या मापाचं, सुतळीच्या गुंड्यासारखं. माती बघायलासुद्धा नव्हती.

“पुरावा नसेल तर मी कुणाच्या नावावर काही लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. “नोकरीची सवय.”

नकारघंटेने वेटोळं हातात फिरवलं. असं रोप विकणाऱ्याविषयी तो आजवर जे जे बोलला होता ते सगळं त्याला आठवलं, आणि त्यात सौम्य असा एकही शब्द नव्हता.

“तुमची ती थोरली,” बाई म्हणाल्या, “तिची मुळं शेवटची कधी बघितलीत?”

“मॅग्नोलियाच्या मुळांना हात लावायचा नसतो. मांसल असतात. दुखावली की झाड मान टाकतं.”

“कधी बघितलीत?”

“...पिंपात लावताना.”

“आणि फूल शेवटचं कधी आलं?”

तो तडक जिना उतरला. उतरताना जिने बांधणाऱ्यांना काही बोलला नाही.

नर्सरीत येऊन त्याने पिंपाच्या लोखंडी पट्ट्या तोडल्या. फळ्या बाजूला पडल्या तरी थोरली तशीच उभी राहिली, कारण पिंपाच्या आत मुळांचं दुसरं पिंप तयार झालं होतं. बायको मागे येऊन उभी राहिली. ती आता काय बोलेल म्हणून तो खांदे आवळून बसला.

“अहो,” ती म्हणाली, “करवत देऊ?”

पुढचे दोन दिवस तो मातीत बसून होता. बाहेरची वेटोळी कापली, आतली बोटांनी सोडवली. कापताना शिव्या चालू होत्या, पण आज त्या फाटकाकडे तोंड करून नव्हत्या. इतका मूर्ख, इतका आंधळा, इतका गर्विष्ठ माळी आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं तो थोरलीला सांगत होता.

बाईंना निरोप गेला होताच; तिसऱ्या दिवशी सहा हमालांनी तिला त्यांच्या गच्चीत, चार मजले वर चढवलं. बाईंनी भिंतीकडेला तिच्यासाठी रुंद पिंप तयार ठेवलं होतं, आणि पिंपाला पुठ्ठा आधीच लटकत होता : ‘मॅग्नोलिया. दोष :’ पुढे जागा कोरी.

“आत्तापासून कशाला हे?” नकारघंटा भडकला.

“तुमच्यावर विश्वास नाही म्हणून.”

“माझाही तुमच्यावर नाही.”

“मग यायचं दर आठवड्याला.”

थोरलीने पहिल्या महिन्यात निम्मी पानं टाकली. नर्सरीच्या जागी खड्डा खणला गेला, तो बघायला नकारघंटा गेला नाही. त्याला चार मजले चढायचे होते. दर आठवड्याला तो वर यायचा, पुठ्ठा कोरा आहे ना बघायचा, मग बाईंच्या पाणी घालण्याला नावं ठेवायचा. बाई त्याच्या चष्म्याला नावं ठेवायच्या. दुसऱ्या महिन्यात आणखी पानं गेली. एकदा बाईंनी पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

“थांबा,” तो म्हणाला. “लिहायचं झालं तर मीच लिहीन. नाव माझंच असेल.”

तिसऱ्या महिन्यात एका फांदीच्या टोकाला करंगळीएवढा टोकदार कोंब दिसला, तपकिरी लवेत गुंडाळलेला. बाईंनी चष्मा चढवला. नकारघंटा गुडघे धरत वाकला, कोंबाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि बराच वेळ बघत राहिला.

“एवढंच?” तो त्याला म्हणाला. “एकोणीस वर्षं माझी माती खाऊन एवढंच? लाज नाही वाटत?”

आणि खिशातला रुमाल काढून त्याने आपलाच चष्मा पुसायला घेतला. बाईंनी पेन्सिल खोक्यात ठेवली, वाळलेल्या वेटोळ्याशेजारी.

“काच खराब आहे,” तो म्हणाला. “हल्ली चष्मेवाल्यांना काही म्हणजे काही येत नाही.”