दाजींचं चिप काढायचं मशीन

जगात जेवढ्या म्हणून वस्तू आहेत, त्या प्रत्येकीचं तापमान ठाऊक असलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजींच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक मीटर असायचा आणि त्यातून एक बारीक वायर बाहेर डोकावत असायची. चहा आला की आधी ती वायर चहात जायची. "एकोणऐंशी. थांबा पाव्हणं, जीभ भाजंल." मग आम्ही सगळे कपाकडं बघत बसायचो. दाजी "हां, आता घ्या" म्हणेपर्यंत चहाचं सरबत झालेलं असायचं. मे महिन्यात माझ्या मोटारसायकलच्या सीटवर, शेजारच्यांच्या तापलेल्या पोराच्या काखेत, एका लग्नात तर थेट आचाऱ्याच्या कढईत त्यांनी ती वायर सोडली होती. आचारी झारा घेऊन अंगावर आला, तर दाजी शांतपणे म्हणाले, "तेल लई तापलंय तुमचं. जिलबी करपंल." जिलबी करपली. त्याचं श्रेय मात्र त्यांना कुणी दिलं नाही. पंगतीत ते कडेला एकटेच जेवत बसले होते, एवढं मला आठवतं.

दाजी मूळचे पिशोरकडचे. वडील-चुलते मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारे. यांना मात्र लहानपणापासून रेडिओ उघडून बघायचा नाद. आयटीआय करून वाळूजला एका कारखान्यात लागले आणि बावीस वर्षं सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करत बसले. पुढं कारखाना परराज्यात गेला, दाजी गेले नाहीत. औरंगाबादच्या सातारा परिसरात त्यांनी घर बांधलं होतं. त्या वर्षांत शहर तिकडं असं सुटलं होतं, की आज ज्वारीचं धाट उभं असलेल्या रानात पुढच्या महिन्यात प्लॉटचे दगड दिसायचे. घरं आली, रस्ते आले, पाणी तेवढं आलं नाही. त्या घराच्या पुढच्या खोलीत दाजी लॅपटॉप दुरुस्त करायला लागले. सगळं जमायचं, एका ठिकाणी अडायचं. लॅपटॉपची जी मोठी चिप असते, तिला पाय नसतात. पोटाखाली सोल्डरचे, मोहरीहून बारीक शेकडो गोळे असतात आणि त्यांवर ती बोर्डाला चिकटलेली असते. ते सगळे गोळे एकाच वेळी वितळले तरच चिप उचलता येते. त्यासाठी खालून आणि वरून मोजूनमापून उष्णता देणारं मशीन लागतं, त्याला रिवर्क स्टेशन म्हणतात. ते नसल्यामुळं असे लॅपटॉप शहरातल्या मोठ्या दुकानात द्यावे लागायचे, आणि दिल्यावर दाजी दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. अक्का, म्हणजे माझी बहीण, एकदा वैतागून म्हणाली, "अवं, मग घ्या की एकदाचं ते मशीन!" दाजी म्हणाले, "बघतो." आणि ते बघायला लागले. ते बघत असतानाच अक्का आजारी पडली आणि दुष्काळाच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेली. दाजी बघतच राहिले.

सोयरीक जमवतानासुद्धा कुणी इतक्या चौकशा करत नाही. कुठं मशीन आहे असं कळलं की दाजी फोन लावायचे आणि वहीत लिहून ठेवलेले प्रश्न एकेक करून विचारायचे. खालचा हीटर किती लांबरुंद, मध्यात आणि कोपऱ्यात किती डिग्रीचा फरक, वरची हवा सरळ येते का फिरून, बोर्ड वाकू नये म्हणून आधार कुठं दिलाय. पलीकडचा माणूस विसाव्या प्रश्नाला फोन ठेवायचा. एकदा एसटीनं पुण्याला गेले, एका दुकानात दिवसभर स्टुलावर बसून मशीन पाहिलं, आणि शटर ओढायच्या वेळी मालकानं "मग पॅक करू का?" विचारलं, तर म्हणाले, "नाय, आज नुसतं बघायला आलो व्हतो." दिल्लीचा एक पोरगेला विक्रेता तेवढा चिवट निघाला. त्यानं सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि पुढं दर आठवड्याला तोच फोन करायला लागला. "औरंगाबादवाले अंकल, ले लिया क्या?" "सोच रहा हूं बेटा. तुम्हारे उधर पानी गिरा क्या?" मशीनचं बोलणं दोन मिनिटांत उरकायचं, मग अर्धा तास त्या पोराच्या आईचे गुडघे. मी एकदा म्हणालो, "दाजी, घ्यायचं नाय तर त्या बिचाऱ्याला कशाला लटकवून ठेवलंय?" दाजी म्हणाले, "फोन तो करतो. मी कुठं करतो?"

अखेर एकही मशीन पसंत पडेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "आपणच बनवू." या 'आपण'मधला दुसरा माणूस मी आहे, हे मला पुढच्या रविवारी कळलं. खरं सांगायचं तर अक्का गेल्यावर त्या घरी जाणं मला जड जायचं. दोघं समोरासमोर बसायचो, "टँकर आला का?" "यायचाय," एवढं झालं की बोलणं संपायचं. मशीननं आम्हाला विषय दिला. मी शेंद्र्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो, रविवारी सुटी असायची. सकाळी जाफरगेटच्या बाजारात भंगार धुंडाळायचं आणि दुपारी जोडाजोड करायची, असा आमचा क्रम पडला. ड्रिलचा एक जुना स्टँड दाजी इतका वेळ डोळ्यांपुढं धरून बसले, की भंगारवाला कळवळून म्हणाला, "चचा, इत्ता क्या देखरे? तुम देखते देखते घिस जाता वो." दाजी म्हणाले, "डुगडुगतंय," आणि तोच घेतला.

खालच्या हीटरसाठी पहिला प्रयोग अक्काच्या इस्त्रीवर झाला. इस्त्री उलटी करून वर बोर्ड ठेवला, तो पापडासारखा फुगला. दाजींनी इस्त्री सरळ केली, फडक्यानं पुसली आणि परत कपाटात तिच्या जागेवर ठेवली. नंतर चिनीमातीच्या तापणाऱ्या पट्ट्या आल्या, बोर्ड धरायला जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, वरची गरम हवेची नळी ड्रिलच्या स्टँडवर बसली. हळूहळू कॉलनीतली माणसंही डोकावायला लागली. समोरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर तर रोज यायचे आणि रोज एकच सल्ला द्यायचे, "याला रेडिएटर लागंल बघा." दाजी त्यांच्यासाठी खुर्ची आधीच मांडून ठेवायचे.

मशीन उभं राहिलं आणि पहिला पेशंट आला तो कोपऱ्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या ताईंचा लॅपटॉप. मोठ्या दुकानानं तो फेकून द्या म्हणून सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, "दादा, हा गेला तर माझं दुकान गेलं." दाजींनी हीटर लावला, आकडा चढत गेला, आणि ऐन वेळी कॉलनीत टँकर आला. घरोघरच्या मोटारी सुरू झाल्या, बल्ब पिवळा पडला, मीटर खाली आला. दाजींनी झटक्यात बटण बंद केलं. बोर्ड वाचला, पण चिप निघाली नाही.

भारनियमनामुळं त्या आठवड्यात दिवसा वीज मिळणार होती ती टँकरच्याच वेळी, म्हणून पुढच्या टँकरच्या दिवशी, ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या दारात वाटीभर साखर मागितली नसेल, तो माणूस घरोघर हिंडला. "अर्धा तास मोटार लावू नका. हात जोडतो." त्या दिवसांत पाणी दारात आल्यावर थांबा म्हणणं म्हणजे गंमत नव्हती. एक बाई म्हणाल्या, "टाकी काय तुम्ही भरून देणार व्हय?" पण त्याही थांबल्या, आणि अर्धा तास करायचं काय म्हणून सगळे दाजींच्या खोलीत येऊन उभे राहिले. बाया कडेवर रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या. मी बॅटरीचा उजेड धरला होता. दाजी ओठातल्या ओठात आकडे म्हणत होते. मग "आता" म्हणून त्यांनी जुनी चिप अलगद उचलली, जागा साफ केली, नवी ठेवली, पुन्हा तेवढीच उष्णता दिली. बोर्ड थंड होईपर्यंत कुणी हललं नाही. लॅपटॉप जोडून बटण दाबलं आणि पडदा उजळला. ताईंनी आधी आपल्या फाइली उघडून बघितल्या. टाळ्या वाजल्या, ड्रायव्हरकाका म्हणाले, "रेडिएटर न लावता केलं की ओ!" तेवढ्यात कुणीतरी "मोटार!" म्हणून ओरडलं आणि मिनिटभरात खोली रिकामी झाली. दाजी कितीतरी वेळ उघड्या दाराकडं बघत उभे होते.

मशीन उत्तम चालायला लागलं आणि तिथंच सगळं बिनसलं. लोक लॅपटॉप फाटकातूनच द्यायचे, फाटकातूनच घेऊन जायचे. कामात कशाला त्रास द्यायचा, म्हणून कुणी आत येईना. ड्रायव्हरकाका लेकीकडं पुण्याला राहायला गेले. दिल्लीच्या पोराला दाजींनी "बना लिया बेटा" म्हणून सांगितलं; तो "बहुत बढ़िया अंकल" म्हणाला आणि त्याचे फोन थांबले. आणि मी? माझे रविवार ओव्हरटाइममध्ये जायला लागले. दाजींना आता काम भरपूर आहे, असं मी स्वतःला सांगून टाकलं. त्या वर्षीही पाऊस नीट झाला नाही.

पोळ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. "पाव्हणं, मशीन बिघडलं. खालचा हीटर तापंना." रविवारी गेलो. पुढच्या खोलीत चादर अंथरून त्यावर अख्खं मशीन सुटं करून मांडलं होतं. स्क्रू लहान-मोठे वेगळे करून स्टीलच्या ताटल्यांत ठेवलेले, प्रत्येक वायरीला दाजींच्या अक्षरातली चिठ्ठी. कुठं जळल्याची खूण नाही, वास नाही. दाजी चहा टाकायला आत गेले, तेव्हा मी हीटरच्या वायरी थेट प्लगमध्ये घालून पाहिल्या. हीटर छान तापला, मध्यातही आणि कोपऱ्यातही. मी गडबडीनं वायरी काढून होत्या तशा ठेवल्या.

दाजी चहा घेऊन आले. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "काय वाटतंय?"

"लई काम हाय दाजी," मी म्हणालो. "एका रविवारात नाय व्हायचं."

"मला पण तसंच वाटलं," दाजी म्हणाले आणि माझ्या शेजारी चादरीवर मांडी घालून बसले.

ते काम फार तर दोन तासांचं होतं. आम्ही ते दिवाळीपर्यंत पुरवलं.