चारशे पावलांचा संसार

आमच्या आत्याइतका सुखाचा संसार मी दुसऱ्या कुणा बाईने केलेला पाहिला नाही, आणि त्यातली शेवटची सोळा वर्षं तिने तो नवऱ्यापासून चारशे पावलांवर राहून केला. हे वाचून कुणी कपाळाला आठ्या घालणार असेल तर खुशाल घालाव्यात. तिरोड्यापासून गोंदियापर्यंतच्या आमच्या साऱ्या गोतावळ्याने त्या तेव्हाच घालून घेतल्या आहेत, आणि आठ्या घालून आलेल्या प्रत्येकाला आत्याने पोटभर भात वाढून परत पाठवलं आहे. आमच्या भागात बापाची बहीण मराठीतली आत्या असते आणि तिचा नवरा मात्र हिंदीतला फुफाजी होतो. या दोघांचं पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच असावं, असं माझे वडील म्हणत. मला ते पटत नाही. मूळ भाताच्या भांड्यात होतं.

आत्याचा पहिला विशेष असा, की तिला काही विचारलं तर उत्तर मिळायचं, पण त्या दिवशी नाही. तुम्ही सकाळी विचारावं, तिने ऐकून घ्यावं, पदर नीट करावा आणि कामाला लागावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नदीवरून येत असताना तिने वाटेत गाठून म्हणावं, "हो." कशाला हो, हे तुम्ही आठवत बसायचं. माझ्या वडिलांनी तिला एकदा पोळ्याला विचारलं होतं, की ती भुरी म्हैस विकू का. आत्याने दिवाळीत उत्तर दिलं, "नोको विकू." तोवर म्हैस विकली जाऊन तिकडे व्यालीसुद्धा होती. पण तिचं उत्तर कधी चुकल्याचं मला आठवत नाही. वडील त्या म्हशीसाठी पुढे चार वर्षं हळहळले.

दुसरा विशेष भाताचा. आमची जात तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांची, घरोघरी दोन्ही वेळा भात, त्यामुळे भात चांगला करते असं म्हटलेलं आमच्याकडे कुणा बाईला कौतुक वाटत नाही. पण आत्या भात करायची नाही, ती तो होऊ द्यायची. चुलीवर भांडं ठेवलं, झाकण घातलं, की ती हात पुसून जरा बाजूला बसे आणि भांड्याकडे कान देई. "भात बोलते," ती मला सांगे. "पहिले भांडते, मंग कुरकुर करते, मंग चुप होते. चुप झाला का उतरवाचा." या सगळ्या वेळात झाकणाला हात लावायचा नाही. सासरच्या बाया म्हणत, ही चुलीपुढे पूजेला बसल्यासारखी बसते. त्यात खोटं काही नव्हतं. दिवसभरात तिला एकटीला मिळणारा वेळ तेवढाच होता.

आणि नेमका त्याच वेळी फुफाजी येऊन झाकण काढत.

फुफाजी वाईट माणूस होते असं मी मेल्यावरसुद्धा म्हणणार नाही. गोरेपान, हसरे, दानतीचे, गावात कुणाच्या घरी काही अडलं की न बोलावता पोचणारे. दोष एकच. जगात काहीही झाकलेलं त्यांना पाहवत नसे. आंब्याची कोय पुरली की चौथ्या दिवशी उकरून बघत, म्हणून त्यांच्या अंगणात जन्मात झाड झालं नाही. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्यांची पातेली एकेक करून उघडली आणि प्रत्येकाला सल्ला दिला. शेवटी मुख्य आचारी झारा खाली ठेवून माझ्या वडिलांना म्हणाला, "मालक, इनको नौशे के बाजू में बिठा दो, नहीं तो मैं चला." मग फुफाजींना नवरदेवाशेजारी बसवलं. तिथे त्यांनी त्याचा शेला बाजूला करून अंगरख्याची शिवण तपासली. अशा माणसाने घरच्या भाताचं झाकण दिवसातून दोनदा काढावं, वाफ तोंडावर घ्यावी आणि "अवो, पानी कमी पडलं वाटते," म्हणावं, यात नवल नाही. भात झाला की पुढची पाळी आत्याची. ती गप्प बसली की हे विचारत, "काय इचार करून राहिली?" ती अंगणात उभी राहिली की, "काय पाहून राहिली?" ती झोपेत हसली तर उठवून, "काऊन हासली?" आता जी बाई म्हशीबद्दलचं उत्तर दिवाळीत देते, तिला हे दिवसातून वीस वेळा. अशी तीस वर्षं गेली. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली. धाकटीची पाठवणी करून आत्या घरात आली, भात टाकला, फुफाजींनी झाकण काढलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आत्या गोंदियाला माझ्या घरी हजर.

मी गोंदियाला दिलेली. आमचे यजमान रेल्वेत. आत्याने आल्या आल्या त्यांना विचारलं, "जवाई, नवरा न सोडता वेगळं राहाचं असन त कचेरीत काय लिवून द्या लागते?" यजमान घाबरले. त्यांना वाटलं, मीच माझ्यासाठी विचारायला तिला बोलावून घेतलं. तिची समजूत घालण्यात दोन दिवस गेले, मग आम्ही तिला कचेरीत घेऊन गेलो. आवारात चिंचेखाली अर्जनवीस बसत, त्यातला एक म्हातारा, चष्म्याची एक दांडी सुतळीची, त्याने कागद पुढे ओढून विचारपूस सुरू केली.

"मारता है?"

"नाही जी."

"पीता है?"

"शिमग्याले. तेबी उलीसी."

"दूसरी औरत?"

"एकीच्याच भांड्यातून फुरसत नाही त्यांले."

"फिर तकलीफ क्या है?"

"झाकन काढते," आत्या म्हणाली. हे उत्तर तिने तीस वर्षं विचार करून दिलेलं असल्यामुळे लगेच आलं.

अर्जनवीसाने टाक खाली ठेवला. मी त्याला जमेल तसं समजावून सांगितलं. तो बराच वेळ दाढी खाजवत राहिला आणि मग खरोखर वाईट वाटून म्हणाला, "बाई, झाकन पे दफा नहीं है." मारतो असं लिहू का, म्हणून त्याने विचारलं. आत्या भडकली. "खोटं कायले लिवता? मारत नाही त मारत नाही." मग तो म्हणाला, कोर्टाच्या भानगडीत पडताच कशाला, तुमच्या जातीत काडीमोड असतो ना, पंचांपुढे काडी मोडा आणि मोकळ्या व्हा. आत्या म्हणाली, "सोडाचं नाही जी मले. वेगळं राहाचं आहे."

"दोनों में फरक क्या है?"

"सोडलं त ते कोनाचे होतीन? वेगळी राहिली त माहेच राहतीन."

यावर त्या म्हाताऱ्याने अर्ज लिहायला घेतला. तो अर्ज मी वाचला आहे. अर्जदारणीचा नवरा सदाचारी असून, निर्व्यसनी असून, गावात मान्यता पावलेला असून, सबब अर्जदारणीस वेगळे राहण्याची परवानगी मिळावी, असा त्याचा थाट होता. त्या अर्जावर कुणीही फुफाजींना नोकरी दिली असती. कचेरीने मात्र तो आठ दिवसांनी परत केला. त्यावर शेरा होता, कारण नमूद नाही.

तोवर बातमी गावी पोचली होती आणि पंच बसायचे ठरले होते. पंचांचं म्हणणं सरळ होतं. बाई नांदते किंवा बाई नांदत नाही, तिसरी रीत बापजाद्यांनी ठेवलेली नाही. नांदायचं असेल तर आज घरात जावं, नसेल तर काडी मोडावी. आणि काडी मोडायची म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आत्याच्या हातातल्या बांगड्या उतरणार, ती भावाच्या म्हणजे आमच्या घरी कायमची येणार, आणि फुफाजींचे भाऊ वर्षाच्या आत त्यांचा दुसऱ्या बाईशी पाट लावून देणार. पंच फुफाजींच्या अंगणात बसले, माझ्या वडिलांबरोबर मीही गेले होते. आत्या बायांच्या गर्दीत पुढे बसली होती. मी तिच्या कानात म्हटलं, "आत्या, जा ना घरात, भाताचं काय एवढं." तिने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, एकदा हातातल्या बांगड्यांकडे. तेव्हा मला कळलं, की हिला परत जायचंही नाही आणि सोडायचंही नाही, आणि दोन्ही नकोत असं म्हणायला पंचांनी तिला जागाच ठेवलेली नाही.

मुख्य पंचांनी फुफाजींना काडी आणायला सांगितलं. काडी नवऱ्याने आणायची, एक टोक त्याने धरायचं, एक बायकोने, आणि सगळ्यांदेखत मोडायची. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, हा एवढा ढीग अंगणातच पडला होता, वाळून कडकडीत झालेला. फुफाजी उठले, त्या ढिगाच्या शेजारून गेले, अंगणाबाहेर पडले. आम्ही सगळे वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने ते पाणी भरलेल्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, चिखलाचे पाय घेऊन आले. हातात धानाची काडी होती, हिरवीगार, आताच उपटलेली. पंच म्हणाले, "मोडा." दोघांनी धरली. काडी वाकली. उलट वाकवली, तिकडेही वाकली. पिळली तर तिच्यातून पाणी आलं, पण मोडेना.

मुख्य पंच चिडले. "काय गा, उमर झाली धान लावता लावता. ओली काडी मोडते का कधी?"

ज्या माणसाकडे आचाऱ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकासाठी सल्ला होता, त्याने मान खाली घातली आणि म्हटलं, "मले मालूम नाही."

अंगणात कुणी हसलं नाही. फुफाजींनी जन्मात म्हटलेलं हे एकच "मालूम नाही" होतं, आणि ते सपशेल खोटं होतं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मग सर्वांत मोठं नवल घडलं. आत्याने जागच्या जागी, तिथल्या तिथे उत्तर दिलं. "मोडत नाही," ती पंचांना म्हणाली. "ओली हाये. मोडत नाही."

पंचांनी आपसांत पुष्कळ कुजबूज केली. वाकलेल्या काडीचं काय करायचं हे कुणाच्याच आज्याने सांगून ठेवलेलं नव्हतं. शेवटी जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा मुख्य पंच म्हणाले, की काडी मोडली नाही म्हणून लग्न आहे, आणि काडी वाकली म्हणून थोडं अंतर ठेवायला हरकत नाही. तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, फुफाजींचंच दोन खणांचं घर होतं, धान ठेवायचं. ते आत्याला द्यावं, तिचा तांदूळ घरून पोचवावा. माझ्या वडिलांनी परतताना पाळीवरची पावलं मोजली. ती चारशे भरली.

फुफाजी पहिला महिनाभर रुसून तिकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आत्याच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि खोकले. आत्याचं घर आता तिचं होतं, तेव्हा आत शिरता येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "येऊ का?" आत्याने ऐकलं, पदर नीट केला आणि कामाला लागली. थोडा वेळ थांबून बिचारे परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजारणीच्या हाती निरोप पाठवला, "या म्हना." तेव्हापासून ते रोज संध्याकाळी यायचे, धुतलेलं धोतर नेसून, कधी पाळीवरची करवंदं घेऊन. सांगितलं तिथे बसायचे, वाढलं ते जेवायचे, आणि अंधार पडायच्या आत उठायचे. उत्तराला एक रात्र लागायची ती हळूहळू घटकेवर आली, पण लगेच "या" असं आत्याने कधीच म्हटलं नाही. सणाला ती मोठ्या घरी जाऊन पूजा करी आणि परत येई. लग्नाच्या अक्षता घेऊन येणाऱ्याने दोन्ही घरी वेगळ्या अक्षता दिल्या तर ती एका घरच्या परत करी. "घर एकच हाये बाबू, जागा दोन हाये."

माझ्या तिसऱ्या बाळंतपणानंतर मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. फुफाजी जेवून पाळीवरून निघाले होते आणि आत्या दारात उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "एवढं पाहतेस त्यांच्याकडे, मग त्यांना इथेच राहू दे की." या प्रश्नाचं उत्तर मिळायला मी चौथ्या दिवसापर्यंत थांबले. निघताना बैलगाडीत बसले तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "इथं राहिले त जातीन कसे? अन् गेले नाही त येतीन कसे?" आणि तरुण मुलीसारखी लाजली. तेव्हा तिचे केस सगळे पांढरे झालेले होते.

फुफाजी आधी गेले. आत्या त्यांच्या उशाशी बसली, ते तिच्या हातून शेवटचं पाणी प्याले. तेराव्यानंतर सगळे म्हणाले, आता मोठ्या घरात राहायला ये, आता तुला त्रास द्यायला कोण आहे. ती म्हणाली, "तेच त." दोन पावसाळ्यांनी तीही गेली, त्या दोन खणांतच.

माझा संसार एकाच छपराखाली झाला आणि चांगला झाला. यजमान भले माणूस, त्यांच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण ते घरात असायचेच. ते आले, असं मला कधी वाटल्याचं आठवत नाही. संध्याकाळी कुणी धुतलेलं धोतर नेसून कुंपणाशी थांबावं, "येऊ का?" म्हणावं, आणि आपण जरा वेळ उत्तर देऊ नये, हे सुख आत्याने भांडून मिळवलं. मला ते मागायचं सुचलंसुद्धा नाही.