रोजची एकच गोळी

चौतीस वर्षांच्या नोकरीत तपास पुष्कळ केले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण वारज्यातल्या त्या सासू-सुनेचं प्रकरण, ज्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही, ते मनातून गेलेलं नाही. नावं सांगणार नाही. दोघी अजून त्याच घरात राहतात.

वैशाखातली सकाळ होती. एका खाजगी रुग्णालयातून ठाण्यात लेखी खबर आली. अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका स्वयंपाकघरात पडल्या होत्या. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, बोलण्यात ताळमेळ नव्हता. वीस वर्षांपूर्वी पती गेल्यानंतर त्यांना मनाचा आजार झाला होता. त्यासाठी त्या रोज लिथियमची एक गोळी घेत. त्या दिवशी रक्तात हे औषध नेहमीच्या दुपटीहून जास्त सापडलं. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद केली आणि कागद माझ्या टेबलावर आला.

तासाभरात बाईंचे धाकटे भाऊ ठाण्यात हजर झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भाचा वर्षापूर्वी घर सोडून गेला. घरात बहीण आणि सून दोघीच. गोळ्या सून देते. आता तिला या घरातून मोकळं व्हायचं आहे, म्हणून तिने गोळ्या वाढवल्या. मला त्यांच्या बोलण्यात दम वाटला. अशा प्रकरणांत औषध ज्याच्या हातात, त्याच्यापासून सुरुवात करायची, हे आम्हाला शिकवलेलंच असतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. महिला अंमलदाराला बरोबर घेऊन मी गेलो. पंचांसमोर घराची झडती घेतली, फ्रीजमधल्या अन्नाचे नमुने प्रयोगशाळेसाठी बंद केले. गोळ्यांचा हिशेब चोख होता. औषध आणल्याची तारीख, पाकिटातल्या रिकाम्या जागा, उरलेल्या गोळ्या, सगळं जुळत होतं. मग जास्तीच्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणल्या असतील, असा मी तर्क केला. सुनेची नोकरी हिंजवडीला. वारजे ते हिंजवडी रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानांत माणसं पाठवली.

सून पस्तिशीची होती. तीन तास मी तिला प्रश्न विचारले. तिने एकदाही डोळ्यांना पदर लावला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझा संशय वाढला. सासूबाईंशी पटतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पटत नसतं तर मीही निघून गेले असते. या घरातून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, हे तुम्हाला कळलंच असेल."

"म्हणजे तुम्हाला मोकळं व्हायचं होतं?"

"साहेब, मोकळं व्हायला मला एक रिक्षा पुरली असती. गोळ्या कशाला?"

नवऱ्याबद्दल तिने मोजकंच सांगितलं. त्याची नोकरी गेली होती. चार महिने तो ते लपवून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. एका रविवारी जेवताना ते उघड झालं, शब्दाने शब्द वाढला, आणि हात धुऊन तो बाहेर पडला तो परत आलाच नाही. हरवल्याची तक्रार आमच्याच ठाण्यात होती. मी नंतर कपाटातून ती काढली. आतल्या शेवटच्या कागदावर धूळ बसलेली होती.

दुकानांतून काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून नर्सचा फोन आला. पेशंट शुद्धीवर आहेत, पण हाताची सुई ओढून काढत आहेत, सलाईन घेत नाहीत. मी कारण विचारलं. ती बिचारी गोंधळली होती. "आजींनी विचारलं, बाटलीत काय आहे. मी म्हटलं, काही नाही, मिठाचं पाणी. तेव्हापासून रडत आहेत."

मी गेलो. बाईंचे दोन्ही हात नर्सने धरून ठेवले होते. मला बघून त्या म्हणाल्या, "माझं व्रत मोडलंत तुम्ही सगळ्यांनी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी कुणी ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं, की तुमच्या मुलासारखा माणूस मिरजेला स्टेशनबाहेर दिसला. वर्षभर काहीच हाती नव्हतं, आता एवढं तरी मिळालं. बाई त्याच दिवशी बस पकडून बुधवार पेठेत गेल्या आणि गणपतीसमोर बोलल्या, की मुलगा घरी येईपर्यंत जिभेला मीठ लावणार नाही.

मीठच का, असं मी विचारलं.

"त्या रविवारी भांडणात माझं लक्ष नव्हतं. आमटीत मीठ घालायचं राहिलं. तो काही न बोलता तसंच जेवला आणि गेला. माझ्या हातचं शेवटचं जेवण ते."

सून सात वाजताच कंपनीच्या बसने निघे. स्वयंपाक बाई करत. मीठ घालण्याआधी आपला वाटा वेगळा काढून ठेवत. लोणचं-पापड पानात घेत नाहीत, हे सुनेने पाहिलं होतं, पण उन्हाळ्यात भूक मंदावली असेल असं तिला वाटलं.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. मीठ म्हटल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. बरीचशी औषधं यकृत मोडून टाकतं आणि मग ती बाहेर जातात. लिथियम मोडत नाही. जसं पोटात जातं तसंच मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. पण मूत्रपिंडांना ते मिठासारखंच वाटतं. अंगात मीठ कमी पडलं, की मूत्रपिंडं उरलेलं मीठ सोडायला तयार नसतात, आणि त्याच्या जोडीने लिथियमही धरून ठेवतात. त्यात उन्हाळ्याचा घाम. गोळी रोजची एकच होती. बाहेर जायची वाट बंद झाल्यामुळे तिचं विष झालं.

मी सुनेची माफी मागितली. बाईंच्या धाकट्या भावालाही बोलावून सगळं सांगितलं.

पण बाई मीठ घ्यायला तयार नव्हत्या. डॉक्टर थकले. मग मी मिरजेच्या पोलिसांना मुलाचा फोटो पाठवला, त्यांनी पत्ता काढला आणि चौथ्या दिवशी मी स्वतः गेलो. तो एका लॉजच्या काउंटरवर बसत होता. सज्ञान माणूस स्वखुशीने गेला असेल तर त्याला हाताला धरून आणता येत नाही. जबाब घ्यायचा आणि हरवल्याची तक्रार बंद करायची, एवढंच हातात. जबाब लिहून झाल्यावर मी त्याला आमटीचं सांगितलं.

तो म्हणाला, "आमटी अळणी होती? मला तर काय खाल्लं तेच आठवत नाही."

मी माझ्या मोबाइलवरून बाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याचा आवाज एकदाच नीट ऐकू आला. तो म्हणत होता, "मी सांगतोय ना, खा तू." त्या संध्याकाळी बाईंनी मीठ घातलेली पेज घेतली. तो मात्र पुण्याला आला नाही. रविवारी फोन करतो, असं पुढे कळलं.

यानंतर विषप्रयोगाचा संशय असलेल्या प्रत्येक तपासात मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो. या माणसाच्या पोटात काय गेलं, हे आम्ही विचारतोच. पण त्याने काय खायचं सोडलं, आणि कुणासाठी, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

बाईंना घरी सोडलं त्या दिवशी मी कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. परत निघालो तर सून लिफ्टपर्यंत आली. तीन तासांच्या चौकशीत तिला काय हवं होतं ते मी दहा प्रकारे विचारलं होतं. ती कुणाची वाट बघते का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"मिरजेला," ती म्हणाली, "माझ्याबद्दल काही विचारलं त्यांनी?"

त्याने विचारलं नव्हतं. माझ्या खिशात त्याचा दोन पानी जबाब होता, त्यात तिचं नाव फक्त पत्नी म्हणून एकदा आलं होतं.

"विचारलं," मी म्हणालो. "कशा आहेत, म्हणाले."

ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लिफ्ट आली. तिने माझ्यासाठी दार धरलं आणि म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी भेटले तर बरी आहे म्हणून सांगा."